वास्कोचा कोळसा, डिचोलीची लाल धूळ आणि पेशीच्या आतली मोडतोड

मुरगावकर_मास्तर
मुरगाव बंदरातल्या कोळशावर इथे आजवर बरेच धागे निघाले. सगळीकडे भांडण एकाच जागी अडकतं: आकडा किती? २००९ च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे पीएम १० ची, म्हणजे हवेतल्या दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची, वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. एक बाजू म्हणते ओलांडली, दुसरी म्हणते नाही, मग कोणीतरी दिल्लीचा आकडा आणून टाकतो आणि गोंयकार किती भाग्यवान ते सांगतो. तिथे धागा थंड.

मला वेगळं विचारायचंय. मायक्रोग्रॅम हे वजन झालं. समुद्राचं मीठ आणि डिझेलची काजळी, दोन्हींचा एक मायक्रोग्रॅम यंत्राला सारखाच. फुफ्फुसाला सारखा नाही. तर यंत्राऐवजी त्याच हवेत जगणाऱ्या जिवांनाच विचारायचं झालं तर?

हे झालेलं आहे. कॅनडात ओंटारियो सरोवराच्या काठी हॅमिल्टन नावाचं बंदर आहे, पोलाद कारखान्यांचं. तिथे कॅरोल यॉक आणि जेम्स क्विन यांनी सीगलची घरटी तपासली. आई, बाप आणि पिल्लू, तिघांचा डीएनए शेजारी शेजारी मांडायचा. चाचणीत डीएनए पट्ट्यांच्या नक्षीसारखा दिसतो. जी पट्टी आईकडे नाही, बापाकडेही नाही, पण पिल्लाकडे आहे, ती नवी; म्हणजे उत्परिवर्तन. कारखान्यांजवळच्या पिल्लांत अशा नव्या पट्ट्या आडगावच्या पिल्लांपेक्षा जास्त निघाल्या. हे १९९६ साली छापून आलं. शंका लगेच निघाली: सीगल मासे खातात, बंदराचं पाणीही घाणच, मग दोष हवेचा कशावरून? म्हणून पुढे त्याच गटाने उंदीर पिंजऱ्यात ठेवले. काही कारखान्यांच्या वाऱ्याखाली, काही दूर खेड्यात. खाणं-पाणी सारखं. दहा आठवड्यांनी त्यांची वीण घेतली. कारखान्याजवळच्या उंदरांच्या पिल्लांत नवी उत्परिवर्तनं दीड ते दोन पट. हे २००२ चं.

२००४ चा भाग मला सगळ्यात आवडतो. त्याच जागी काही उंदरांच्या हवेला हेपा फिल्टर लावला. हा फिल्टर बारीक कण अडवतो, वायू अडवत नाही. पिल्लांतली उत्परिवर्तनं ५२ टक्क्यांनी उतरली. म्हणजे करामत मुख्यतः कणांची. आणि हे बदल बहुतांशी बापाच्या बाजूने आलेले होते. आपल्याकडे मूल राहिलं नाही की तपासणीला आधी सुनेला पाठवतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो, संशोधक नाही. इथे कोणी लॅबवाले, रानवाले असतील तर लिहा. आपल्याकडे काय करता येईल?

काजूफेणी
वाचतोय. खुर्ची धरून बसलोय.

टिप्परवालो
मास्तर, लेख बरा. पण आता मी सांगतो ते ऐका. मी साखळीचा. २०१२ ला लोहखनिजाच्या खाणी बंद, मग कुठे सुरू होतात तोवर २०१८ च्या मार्चात परत बंद. ट्रक अंगणात गंजला, हप्ते कोणी भरले ते आमचे आम्हाला ठाऊक. तेव्हा कोणी आमच्या घरात डोकावलं नाही. आता खाण सुरू होतेय तर 'जनुक बिघडतात' हे नवीन आलं का? हॅमिल्टनला पोलाद भट्टी आहे. आमच्याकडे भट्टी कुठे? आमची माती आहे, ती आमच्या पूर्वजांनीही खाल्ली. उंदराची गोष्ट सांगून लोकांना भिववू नका.

मुरगावकर_मास्तर
टिप्परवालोबाब, तुमचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे आणि तो महत्त्वाचा आहे. हॅमिल्टनच्या हवेत कोक भट्ट्यांचा धूर होता. कोळसा बंद भट्टीत तापवला की त्यातून पीएएच निघतात, म्हणजे अनेक कड्या जोडलेले हायड्रोकार्बन. त्यातला बेंझो-ए-पायरीन हा नामचीन. डिचोलीच्या खाणीत तो नाही. मुरगावच्या धक्क्यावर उघडा पडलेला कोळसाही जळत नसतो, उडत असतो. जळलेला कोळसा आणि उडालेला कोळसा यांना एकाच मापाने मोजू नये.

आयएआरसी ही जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था. तिच्या यादीत बाहेरची प्रदूषित हवा २०१३ पासून गट १ मध्ये आहे, म्हणजे माणसाला कर्करोग करते हे सिद्ध. कणांना त्यांनी वेगळं घेऊन तेही गट १ मध्येच टाकले. कोळशाची नुसती धूळ मात्र गट ३ मध्ये, आणि लोहाचा ऑक्साइडही गट ३. गट ३ म्हणजे निकाल देण्याइतका पुरावा नाही. निर्दोष सुटका नव्हे, पण शिक्षाही नव्हे. हेमॅटाइट या लोहखनिजाच्या भुयारी खाणीतलं काम गट १ मध्ये आहे, पण तिथे कोंडलेला रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू असतो आणि आपल्या खाणी उघड्या आहेत, तेव्हा तेही सरळ आणून चिकटवता येत नाही.

आता तुम्हाला आवडणार नाही ते. डिझेलचा धूर २०१२ पासून गट १ मध्ये आहे. तिस्क-उसगावच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागायची तेव्हा घराघरांवर बसणारी लाल माती सगळ्यांना दिसायची. धूर दिसायचा नाही. डीएनएच्या दृष्टीने त्या रांगेत मातीपेक्षा धुराचं पारडं जड असण्याची शक्यता मोठी. आणि तो सगळ्यात जास्त कोणी ओढला? स्टीअरिंगवर बसलेल्यांनी.

टिप्परवालो
हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. आम्हाला सगळे मातीबद्दलच शिव्या घालायचे.

स्लाइडवाली
मडगावला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. थोडं आतलं सांगते, कारण 'डीएनए बिघडतो' म्हणजे नक्की काय होतं हे कोणी बोलत नाही.

बेंझो-ए-पायरीन स्वतः तसा निरुपद्रवी. गंमत अशी की त्याला धारदार करतं ते आपलंच शरीर. बाहेरचं काही आत आलं की ते पाण्यात विरघळेल असं करून लघवीवाटे घालवायचं, ही पेशीतल्या एन्झाइम्सची नोकरी. ते त्याला ऑक्सिजन जोडत जातात आणि मधल्या एका टप्प्यावर असा रेणू तयार होतो की तो डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानीनला ('जी') जाऊन चिकटतो. याला अ‍ॅडक्ट म्हणतात. पेशीकडे दुरुस्तीची पथकं आहेत. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल ती कशी चालतात हे उलगडणाऱ्यांनाच मिळालं. बहुतेक अ‍ॅडक्ट कापून काढले जातात. एखादा राहिला आणि तेवढ्यात पेशी दुभंगली, तर नक्कल करणारं यंत्र तिथे अडखळतं आणि 'जी' च्या जागी 'टी' बसवतं. ही चूक मग कायमची. १९९६ मध्ये दाखवलं गेलं की पी ५३ या राखणदार जनुकात हे अ‍ॅडक्ट ज्या जागा निवडून चिकटतात, फुफ्फुसाच्या कर्करोगात नेमक्या त्याच जागा बिघडलेल्या सापडतात. मी शिकत असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

लोहाची वाट वेगळी. कण फुफ्फुसातल्या सफाई पेशींनी गिळले की आतल्या आम्लात थोडं लोह सुटतं. पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड असतंच. दोघांची गाठ पडली की हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतं, आणि ते समोर येईल त्याला चावतं, डीएनएलाही. हिला फेंटन अभिक्रिया म्हणतात. तेव्हा टिप्परवालोदादा, 'आमची माती' म्हणून ती गोड होत नाही. किती कडू, हे कण किती बारीक आणि लोह किती सुटतं यावर.

मोजायचं म्हणाल तर माणसात सगळ्यात सोपी चाचणी गालाच्या आतल्या पेशींची. लाकडी चमच्याने खरवडायचं, स्लाइड करायची, रंगवायची आणि सूक्ष्मकेंद्रकं मोजायची. पेशी दुभंगताना एखादा गुणसूत्राचा तुकडा दोन्हीकडच्या वाटणीतून सुटतो, पंगतीत वाढताना एखादी पुरी पानाबाहेर पडावी तसा, आणि त्याची बाजूला छोटी गोळी बनते. ती म्हणजे सूक्ष्मकेंद्रक. माणसामागे साधारण २००० पेशी पाहतात. डोळे जातात हो. शिवाय गुटखा, तंबाखू, दारू, नुकताच काढलेला एक्स-रे, हे सगळं आधी विचारून घ्यावं लागतं, नाहीतर मोजाल तंबाखू आणि नाव घ्याल हवेचं.

काजूफेणी
दारूही विचारणार? मग मी नमुन्यातून बाद.

दूरचा_पुणेकर
इंग्लंडमधल्या त्या काळ्या पतंगांचं उदाहरण शाळेत होतं ना? काजळीने झाडं काळी झाली आणि पतंगही काळे झाले. म्हणजे प्रदूषणाने जनुक बदलल्याचा पुरावा तर १९ व्या शतकापासून आहे!

मुरगावकर_मास्तर
माझ्या वर्गात दर वर्षी हाच गोंधळ होतो. त्या पतंगांत काजळीने जनुक बिघडवलं नाही. काळा रंग देणारा बदल आपसूक झालेला होता. डीएनएत इकडून तिकडे उडी मारणारा एक तुकडा एका जनुकात जाऊन बसला, २०१६ मध्ये तो नेमका सापडला. काजळीने फक्त काळ्यांना लपायला जागा दिली, पांढुरके पक्ष्यांच्या पोटात गेले. ती निवड झाली. इथे आपण बोलतोय ते प्रदूषक थेट डीएनएला हात घालतात त्याबद्दल.

रानातली_वाट
वनस्पतीशास्त्रवाला, सत्तरीत राहतो. 'काय करता येईल' याला माझं उत्तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या बाल्कनीत लोंबतंय. जांभळ्या पानांची, गुलाबी तीन पाकळ्यांची ती झुडूपवजा वेल, नर्सरीत पर्पल हार्ट म्हणून मिळते. खरं नाव ट्रॅडेस्कॅन्शिया पॅलिडा. फांदी मोडून मातीत खुपसली की लागते, मारू म्हटलं तरी मरत नाही.

या कुळातली झाडं डीएनएच्या मोडतोडीला फार हळवी. हिच्या एका संकरित बहिणीच्या पुंकेसरावर निळे केस असतात आणि निळ्याचं जनुक एकच चांगलं, दुसरं गुलाबीचं. निळ्याला धक्का बसला की ती पेशी गुलाबी दिसते. आधी हे किरणोत्सर्ग मोजायला वापरलं, मग १९७० च्या दशकात ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या लोकांनी ही झाडं गाडीत घालून अमेरिकेतल्या औद्योगिक गावांत हवा तपासत फिरवली. आपली जांभळी ब्राझीलमधल्या साओ पावलोत रहदारीच्या रस्त्यांवर हेच काम करते.

पद्धत अशी. कोवळ्या कळ्यांचा गुच्छ अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक आम्लात ३ : १ बुडवून ठेवायचा. मग एकेक कळी फोडून अ‍ॅसिटोकार्मिन या रंगाच्या थेंबात चेपायची. परागकण होण्याआधी पेशी चार-चारच्या जुडग्यात असतात, बरोबर त्या टप्प्याची कळी मिळायला हवी. ही निवडण्यातच निम्मा जीव जातो: मोठी कळी घेतली तर पराग तयार झालेले, लहान घेतली तर काहीच नाही. जुडगी दिसली की स्लाइडमागे ३०० मोजायची आणि किती सूक्ष्मकेंद्रकं ते लिहायचं. स्लाइडवालीताईंनी सांगितलेली तीच गोळी. कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकावर होतं.

अडचण पावसाची. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, जून ते सप्टेंबर हवा धुतलेली असते, त्यामुळे मोजायचं ते जानेवारी ते मे. पण एप्रिल-मेच्या उन्हाचा ताणही सूक्ष्मकेंद्रकं वाढवतो. म्हणून एकाच आईच्या फांद्या, एकच माती, सारखं पाणी, आणि त्याच दिवशी तोडलेल्या कळ्या स्वच्छ जागीही हव्यात. नेत्रावळी किंवा खोतीगावच्या बाजूला कोणाचं घर असेल तर सोनं.

दूरचा_पुणेकर
प्राण्यांत काही?

रानातली_वाट
कोलंबियात कोळसा खाणींच्या परिसरात रानटी इग्वाना (मोठे सरडे) आणि घरउंदरांचं रक्त तपासलं होतं, २०१२ मध्ये छापलं. दूरच्या प्राण्यांपेक्षा यांच्या पेशींत डीएनए तुटलेला जास्त. त्यासाठी धूमकेतू चाचणी वापरली. पेशी जेलमध्ये बसवून वीज सोडतात, तुटलेले तुकडे पुढे सरकतात आणि शेपटी दिसते. शेपटी जितकी लांब तितकी मोडतोड. हे जाळलेल्या कोळशाचं नव्हे, खणलेल्या-उडालेल्या कोळशाच्या परिसराचं आहे, म्हणून मुरगावला हॅमिल्टनपेक्षा जवळचं. आपल्याकडे सरडे भरपूर, पण रानटी प्राणी पकडायला वनखात्याची परवानगी लागते. उगाच कोणी सरड्यामागे धावू नका.

काजूफेणी
कोळसा-खाण बास झालं, नरकासुराचं काय? चतुर्दशीच्या पहाटे गल्लोगल्ली पुठ्ठा, गवत, रंग, फटाके आणि हल्ली थर्माकोल, सगळं एकदम. शिवाय रोज संध्याकाळी कोणी ना कोणी पाचोळ्यासोबत प्लास्टिक पेटवतंच.

स्लाइडवाली
बरोबर बोललात. अर्धवट जळणं हाच पीएएचचा कारखाना. राष्ट्रीय मानकात बेंझो-ए-पायरीनला वेगळी मर्यादा आहे, वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे १ नॅनोग्रॅम. नॅनो, मायक्रोही नव्हे. बातम्यांत पीएमचा आकडा रोज येतो, हा येत नाही. पणजीत रस्ते खणले होते तेव्हा सगळे धुळीने हैराण होते, पण ती बरीचशी दगडमाती. परसात प्लास्टिक जाळणारा शेजारी त्याहून कमी वजनाचा आणि जास्त वाईट माल हवेत सोडतो.

बायणा_माई
मी वास्कोला बायण्यात राहते. इथे सगळे हुशार आहात म्हणून विचारते. सून गरोदर आहे, सहावा महिना. दारं-खिडक्यांवर रोज काळा थर असतो. हे सगळं वाचून छातीत धस्स झालं. बाळाला काही होईल का? तिला माहेरी पाठवू का?

स्लाइडवाली
माई, घाबरू नका, आधी हे वाचा. फ्रेडरिका परेरा म्हणून एक संशोधक आहेत (आडनाव वाचून मला आधी आपल्या बार्देशच्या वाटल्या होत्या, पण अमेरिकन आहेत). त्यांनी पोलंडमध्ये क्राकूव्हला आई आणि बाळाच्या नाळेचं रक्त तपासलं. बाळापर्यंत पीएएच पोचतात ते आईच्या मानाने दहाव्या हिश्श्याइतके, असा अंदाज. तरी बाळाच्या रक्तातले अ‍ॅडक्ट आईच्या बरोबरीने. म्हणजे पोटातलं बाळ जास्त नाजूक, हे खरं. पण अ‍ॅडक्ट म्हणजे आजार नव्हे आणि व्यंगही नव्हे. ती खूण आहे की काहीतरी आत पोचलं. तशा खुणा असलेली असंख्य मुलं धडधाकट जन्मतात.

त्यांचंच दुसरं काम चीनमधलं. तोंगल्यांग गावात कोळशावरचं वीज केंद्र होतं, २००४ च्या मे महिन्यात बंद केलं. आधी २००२ मध्ये जन्मलेल्या बाळांच्या नाळेचं रक्त घेऊन ठेवलं होतं, मग २००५ च्या बाळांचं घेतलं. अ‍ॅडक्ट स्पष्ट कमी. पहिल्या तुकडीत जास्त अ‍ॅडक्ट आणि मुलांची मंद वाढ यांचा जो संबंध दिसला होता, तो दुसऱ्या तुकडीत दिसला नाही.

घरात करायचं ते: केरसुणीने कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. काळा थर जास्त असेल त्या बाजूची खिडकी बंद ठेवा. बाहेर जाताना चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५, कापडी रुमालाचा उपयोग नाही. उदबत्ती आणि मच्छर कॉइल खोलीत नको, हे तर कोळशापेक्षाही तुमच्या हातातलं. माहेर कुठे आहे ते पाहून ठरवा; तिथे चुलीचा धूर असेल तर काही मिळवलं नाही. आणि तिच्या डॉक्टरांना विचाराच.

बायणा_माई
माहेर पेडण्याला, गॅस आहे. कॉइल आजपासून बंद. देव बरें करूं.

दूरचा_पुणेकर
म्हणजे स्रोत बंद केला की डीएनए पुन्हा नीट?

स्लाइडवाली
अ‍ॅडक्ट जातात. पक्कं झालेलं उत्परिवर्तन जात नाही, ती पेशी मरेपर्यंत राहतं. आणि यात एक वळण आहे. २०२३ मध्ये 'नेचर' मध्ये लंडनच्या चार्ल्स स्वांटन यांच्या गटाचं काम आलं. निरोगी फुफ्फुसातही वयानुसार काही पेशींत कर्करोगाशी संबंधित उत्परिवर्तनं आपोआप झालेली असतात, पण त्या गप्प असतात. पीएम २.५ मुळे, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांमुळे, दाह होतो आणि या गप्प पेशी जाग्या होतात. म्हणजे हवेने जनुक मोडलंच पाहिजे असं नाही; आधीच मोडलेलं तिने उठवलं तरी पुरे. मग २०२५ मध्ये धूम्रपान न करणाऱ्या ८७१ फुफ्फुस-कर्करोग रुग्णांच्या गाठींचा पूर्ण जीनोम वाचला, तर जास्त प्रदूषित भागातल्यांत उत्परिवर्तनंही जास्त. दोन्ही वाटा चालू दिसतात. बाहेरची हवा सुधारली तर दोन्हींना फायदा, एवढं मात्र धरून चला.

टिप्परवालो
मी तीन दिवस गप्प वाचत होतो. एक शंका. त्या चीनच्या गावात आधीचं रक्त ठेवलं होतं म्हणून नंतर तुलना झाली. आमच्याकडे खाण चालू, बंद, चालू, बंद असं झालं. हा तर आयताच प्रयोग होता की.

मुरगावकर_मास्तर
बाब, मी पहिल्या प्रतिसादात लिहायला हवं होतं ते तुम्ही लिहिलंत! बंदी आली तेव्हा सगळे पैशाचा आणि खटल्याचा हिशेब करत होते, ते साहजिक. पण आता लिलाव झालेल्या खाणी एकेक करून सुरू होताहेत, डिचोलीचा ब्लॉक २०२४ मध्ये सुरू झाला. जिथे अजून ट्रक फिरत नाहीत तिथे आज कुंड्या ठेवल्या तर 'आधीचा' नमुना हातात राहील. मग पुढे कोणी 'पूर्वीपासून असंच होतं' म्हणालं तर स्लाइड दाखवता येईल. आणि फरक नाहीच निघाला तर तुम्ही ती आम्हाला दाखवा, मी इथेच छापीन.

रानातली_वाट
आईझाड माझ्याकडे आहे, हव्या तेवढ्या फांद्या देतो. मास्तर, तुमची मुलं ३०० जुडगी मोजतील का? मोजणाऱ्याला कुंडी कुठली ते कळता कामा नये, नुसता क्रमांक द्यायचा. नाहीतर कोळशाच्या कुंडीत सगळ्यांना गोळ्या दिसायला लागतात.

मुरगावकर_मास्तर
मुलं तयार आहेत, प्रॅक्टिकलचे गुण देणार म्हटल्यावर का नसतील. जागा ठरवू: एक माईंच्या गॅलरीत चालेल? एक माझ्याकडे, एक पणजीत, एक खाणपट्ट्यात, एक नेत्रावळीकडे.

बायणा_माई
ठेवा. पाणी मी घालीन.

काजूफेणी
पणजीची माझ्याकडे. मिरामारला, तिसरा मजला, रस्त्याच्या बाजूने.

रानातली_वाट
तिसरा मजला नको, सगळ्या कुंड्या जमिनीपासून सारख्या उंचीवर हव्यात. खाली वॉचमनच्या केबिनशेजारी ठेवा.

टिप्परवालो
खाणपट्ट्यातली माझ्या अंगणात ठेवा. पण ट्रक महिन्याभरात दुरुस्त होऊन सुरू होईल, मग कुंडीपासून किती लांब उभा करायचा तेवढं सांगा.

रानातली_वाट
घराच्या मागच्या बाजूला, कुंपणापलीकडे. आणि सकाळी इंजिन गरम करत ठेवता ती सवय मोजणीच्या आठवड्यात बंद. नेत्रावळीचं घर अजून मिळालं नाही, कोणी आहे का तिकडचं?